चित्रसूत्र, सुश्रुत आणि आकृतिलेखनाचा अभ्यास

कांहीं वर्षांपूर्वीं एका व्याख्यानांत प्रस्तुत लेखकानें मोठ्या आत्मविश्वासानें असें विधान केलें होतें कीं, अजिंठ्याच्या चित्रकारांस मनुष्याकृति इतकी सजीव काढतां आली याचें कारण त्यांना सुश्रुतोक्त शारीराचें ज्ञान होतें. टाळ्या पडल्या. व्याख्यान संपल्यावर मागच्या बांकावर बसलेले एक वृद्ध चित्रकलाशिक्षक जवळ आले आणि हळूच म्हणाले, "मास्तर, विधान गोड आहे, पण वचन कोणतें?" मीं "पाहून सांगतों" असें म्हणून वेळ मारून नेली. तें पाहण्यास सवड झाली ती सेवानिवृत्तीनंतर. पाहिल्यावर वचन तर सांपडलें नाहींच; उलट शास्त्रकारांनीं चित्रकारास अगदीं निराळ्या दारीं पाठविलें होतें असें दिसून आलें. ते शिक्षक आतां हयात नाहींत. त्यांना द्यावयाचें उत्तर या टिपणाच्या रूपानें वाचकांपुढें ठेवीत आहें.

आज चित्रशाळेंत मनुष्याकृति शिकणाऱ्या विद्यार्थ्यास प्रथम कवटी, मग हाडांचा सांगाडा, मग स्नायूंचे थर आणि शेवटीं त्वचा अशा क्रमानें नेतात. चेहरा काढावयाचा तर गालाचें हाड कोठें आहे, जबडा कोठें वळतो, ओठाच्या कडेस कोणता स्नायु येऊन मिळतो हें आधीं माहीत असावें असा त्यांतील अभिप्राय. ही पद्धति युरोपांतून आली. तिच्याकडे पाहून आपल्याकडे दोन पक्ष झाले. एका पक्षाचें म्हणणें, प्राचीनांस शरीररचनेचें ज्ञान नव्हतें, म्हणून त्यांच्या आकृति अस्थिहीन दिसतात. दुसऱ्या पक्षाचें म्हणणें, ज्ञान होतें, म्हणून आकृति उत्कृष्ट उतरल्या. दुसऱ्या पक्षांत मी होतों. दोन्ही पक्षांनीं दोन वेगळे प्रश्न एकत्र कालविले आहेत. देशांत शरीराचें ज्ञान होतें काय, हा एक. आणि असल्यास तें चित्रकाराच्या हातीं पोंचलें काय, हा दुसरा.

पहिल्या प्रश्नाचें उत्तर निःसंशय होकारार्थी आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत पांचव्या अध्यायांत शवशोधनाचा विधि दिला आहे. शव सर्व अवयवांनीं युक्त असावें. विषानें मेलेल्याचें नसावें, दीर्घ व्याधीनें पीडिलेल्याचें नसावें, शंभर वर्षांच्या वृद्धाचें नसावें. आंतड्यांतील मळ काढून टाकावा. मग मुंज, वल्कल, कुश, ताग इत्यादिकांपैकीं कशानें तरी तें गुंडाळून, पिंजऱ्यांत घालून, वाहत्या नदींत आडजागीं कुजण्यास ठेवावें. सात रात्रींनंतर बाहेर काढून वाळा, केस, बांबू यांच्या कुंचीनें हळूहळू घासावें, आणि त्वचेपासून आरंभ करून आंतबाहेरील एकेक अंग-प्रत्यंग स्वतःच्या डोळ्यांनीं पाहावें. येथें शस्त्रानें चिरणें नाहीं, कुंचीनें उलगडणें आहे, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. ही पद्धति ज्यानें लिहिली त्यानें ती केलेली किंवा पाहिलेली असली पाहिजे. कुंची कशाची करावी इतका तपशील कोणी घरीं बसून कल्पीत नाहीं.

या पाहण्याचें फळ म्हणून त्या अध्यायांत गणना येते. हाडें ३००, सांधे २१०, स्नायु ९००, पेशी ५००, मर्में १०७. वेदवादी हाडें ३६० मानतात आणि शल्यतंत्रांत मात्र तीं ३००, असा मतभेदही तेथेंच नोंदला आहे. दांत आणि तरुणास्थि, म्हणजे कूर्चा, हाडांतच धरल्यामुळें ही संख्या आजच्या २०६ हून मोठी होते. याची छाननी हर्न्ले यांनीं १९०७ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्राचीन भारतीय अस्थिविद्येवरील ग्रंथांत केली आहे. जिज्ञासूंनीं तो मुळांतून पाहावा. सुश्रुताचा 'स्नायु' म्हणजे आजचा स्नायु नव्हे, तो बंध होय. आज आपण ज्याला स्नायु म्हणतों त्याच्या जवळ जाणारा त्याचा शब्द 'पेशी'. पुढील विवेचनांत हा घोटाळा होऊं नये.

आमच्या प्रश्नाच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट अशी कीं, पांचशें पेशींपैकीं ४०० हातापायांत, ६६ कोठ्यांत आणि ३४ ग्रीवेपासून वर सांगितल्या आहेत. त्या चौतिसांची वाटणीही दिली आहे. ग्रीवेंत ४, हनुवटीच्या दोहों बाजूंस ८, काकलक व गळा यांत एकेक, टाळूंत २, जिभेंत १, ओठांत २, नाकांत २, डोळ्यांत २, गालांत ४, कानांत २, ललाटांत ४ आणि मस्तकांत १. चेहरा हलतो तो कशानें, याचें हें कोष्टकच म्हणावयाचें. गालांत चार आणि ललाटांत चार पेशी आहेत हें ज्यास ठाऊक, त्याला हसणें आणि कपाळास आठी पडणें यांचें कारण शोधण्यास फार लांब जावें लागणार नाहीं. असें कोष्टक संस्कृतांत तयार असतां एकाही चित्रकारानें तें उचललें नाहीं काय?

येथें दुसरा प्रश्न सुरू होतो. चित्रविद्येचा सर्वांत विस्तृत प्राचीन ग्रंथ म्हणजे विष्णुधर्मोत्तराच्या तृतीय खंडांतील चित्रसूत्र, अध्याय ३५ ते ४३. मुंबईच्या वेंकटेश्वर छापखान्यानें १९१२ सालीं हें पुराण छापलें. त्यांतील पाठ जागोजागीं इतका बिघडलेला आहे कीं, एकाच श्लोकाचे तीन अर्थ तिघांनीं करावे. १९२४ सालीं स्टेला क्रामरिश यांचें इंग्रजी भाषांतर निघालें आणि १९५८ सालीं प्रियबाला शहा यांनीं अनेक पोथ्या ताडून तृतीय खंडाची संशोधित आवृत्ति बडोद्याहून प्रसिद्ध केली. ती समोर ठेवून हे नऊ अध्याय मीं पुनःपुन्हा वाचले. त्यांत पेशींची गणना नाहीं. शवाचा उल्लेख आहे, पण तो काढण्याची वस्तु म्हणून. शिकण्याचें साधन म्हणून नव्हे. वैद्यकाचें अध्ययन चित्रकारानें करावें असें एकही वचन नाहीं.

मग काय आहे? प्रथम मान आहे. हंस, भद्र, मालव्य, रुचक आणि शशक असे पुरुषांचे पांच प्रकार सांगून त्यांच्या उंच्या अनुक्रमें १०८, १०६, १०४, १०० आणि ९० अंगुलें दिल्या आहेत. अंगुल ज्याचें त्याचें. बारा अंगुलांचा ताल, आणि ताल म्हणजे केसांच्या कडेपासून हनुवटीपर्यंतचा चेहरा. १०८ अंगुलांचा पुरुष म्हणून नवताल. नवतालाची जी वाटणी मूर्तिकारांच्या परंपरेंत सर्वत्र आढळते ती अशी: चेहरा १२, मान ४, मानेपासून हृदयापर्यंत १२, तेथून नाभीपर्यंत १२, तेथून मेढ्रापर्यंत १२, मांडी २४, गुडघा ४, पोटरी २४, पाऊल ४. बेरीज १०८. चेहऱ्याचे पुन्हा तीन समान भाग: कपाळ ४, नाक ४, नाकाखालून हनुवटीपर्यंत ४. हेच तीन समान भाग रोमन स्थपति व्हिट्रुव्हियस यानेंही सांगितले आहेत. त्यावरून कोणी कोणाकडून घेतलें असा निष्कर्ष काढण्याची घाई करूं नये. डोळे उघडे असले म्हणजे हें पुण्यासही दिसतें आणि रोमासही.

शाळेंत असतांना आमच्या चित्रकलेच्या वर्गांत आकृति आठ मस्तकांची शिकवीत. पलीकडच्या वर्गांत मी मुलांना नऊ तालांची सांगे. मुलें विचारीत, "सर, खरें कोणतें? आठ कीं नऊ?" एका शनिवारीं आम्हीं दोघां शिक्षकांनीं वरच्या वर्गांतील उंच मुलें भिंतीशीं उभीं करून खडूनें खुणा केल्या. भांडण मिटलें. चित्रशिक्षकांचें माप टाळूपासून हनुवटीपर्यंत, माझें केसांच्या कडेपासून. त्यांचा तुकडा मोठा, म्हणून संख्या लहान. शरीराचा मध्य मेढ्राच्या जवळपास येतो हें दोन्ही पद्धतींत सारखेंच निघालें. नवतालांत खालचा भाग ५६ अंगुलें, वरचा ५२. म्हणजे मध्य दोन अंगुलांच्या फरकानें तेथेंच. तात्पर्य, सरळ उभ्या माणसाचें माप घेण्यास शव लागत नाहीं, दोरी लागते.

वैद्यकांतही अंगुलमान आहे, आणि माझ्या पूर्वीच्या भ्रमाचें एक कारण तेंच होतें. चरक विमानस्थानांत पुरुषाची उंची ८४ अंगुलें सांगतो. सुश्रुत सूत्रस्थानांत १२० सांगतो. अंगुल हा शब्द दोघांकडेही पाहून मीं दोन्ही शास्त्रें जोडलीं. पण ८४, १२० आणि १०८ हे आंकडे एका परंपरेचे नव्हेत. वैद्य अंगुलें मोजतो तीं रोग्याचें आयुष्य आणि बळ अजमावण्यासाठीं. मर्मापासून शस्त्र किती दूर ठेवावें हें ठरविण्यासाठीं. चित्रकार मोजतो तीं भिंतीवर आकृति बसविण्यासाठीं. शब्द एक म्हणून शास्त्र एक, ही चूक आम्हां संस्कृतज्ञांकडून वारंवार होते.

वैद्य आणि मूर्तिकार यांची भेट सुश्रुतांत एका ठिकाणीं मात्र खरोखर झाली आहे, आणि ती उलट्या दिशेनें. सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायांत शिष्याच्या हातास वळण लावण्याचे प्रकार दिले आहेत. कापण्याचा सराव कोहळा, दुध्या इत्यादि फळांवर करावा, आणि पट्ट्या बांधण्याचा सराव 'पुस्तमय' पुरुषाच्या अंगप्रत्यंगांवर करावा असें तेथें म्हटलें आहे. पुस्त म्हणजे माती, कापड इत्यादिकांनीं घडविण्याचें काम. अमरकोशांतही तो शब्द लेप्यादि कर्माचा म्हणून आला आहे. म्हणजे वैद्यानें मूर्तिकाराकडून बाहुला आणला. मूर्तिकार वैद्याच्या नदीकांठच्या पिंजऱ्यापाशीं गेला नाहीं. त्याचें एक कारण उघड आहे. तो विधि आडजागीं करावयाचा, प्रेतस्पर्शाच्या अशौचाचा, आणि शल्यविद्येच्या शिष्यापुरता. पण जातिधर्माचें हें एकच कारण पुरेसें नाहीं. चित्रकारास शास्त्रानें दुसरें कांहीं शिकावयास सांगितलें होतें, हें त्याहून मोठें कारण आहे.

तृतीय खंडाच्या दुसऱ्या अध्यायांत वज्र राजा मार्कंडेयांस प्रतिमालक्षण विचारतो. मार्कंडेय सांगतात, चित्रसूत्र जाणल्यावांचून प्रतिमालक्षण कळत नाहीं. राजा चित्रसूत्र विचारतो, तर उत्तर मिळतें, नृत्तशास्त्रावांचून चित्रसूत्र कळणें कठीण. नृत्त विचारावें तर आधीं आतोद्य, म्हणजे वाद्य. आणि वाद्य विचारावें तर आधीं गीत. हा संवाद पुष्कळांनीं उद्धृत केला आहे. सर्व कला एक आहेत असा गोड अर्थ त्यांतून काढून मंडळी पुढें जातात. मला त्यांतील सरळ व्यावहारिक अर्थ अधिक मोलाचा वाटतो. चित्रकारानें मनुष्यशरीर कोणाजवळ शिकावें या प्रश्नाचें तें उत्तर आहे. नर्तकाजवळ शिकावें. शव स्थिर असतें. नर्तक वळतो, वांकतो, तोल संभाळतो. नाट्यशास्त्रांतील १०८ करणें म्हणजे हात, पाय, कंबर आणि मान यांच्या एकत्र हालचालींची पद्धतशीर यादी. तीं करणें पाहणाऱ्याच्या डोळ्यांत शरीराचे सांधे कोठें वळतात हें बसत असलें पाहिजे. हाडाचें नांव त्यास माहीत नसो.

चित्रसूत्रांतील नऊ स्थानें या दृष्टीनें वाचावीं. ऋज्वागत म्हणजे सरळ समोरचें. तेथून अनृजु, साचीकृत, अर्धविलोचन, पार्श्वागत असें वळत वळत पृष्ठागतापर्यंत आणि शेवटीं परिवृत्त व समानतापर्यंत. शरीर वळलें म्हणजे एक बाजू आखूड होते आणि दुसरी वाढते, यास क्षयवृद्धि म्हटलें आहे. कोणत्या स्थानांत कोणतें अंग किती घटतें हें चित्रकारास माहीत असावें. हें दृष्टीचें गणित आहे. वळलेल्या शरीराची बाहेरची रेषा कशी पडते हें तें सांगतें. आंत काय घडलें हें सांगत नाहीं.

चेहऱ्याविषयीं हाच प्रकार. डोळ्यांचे आकार पांच: चापाकार, मत्स्योदर, उत्पलपत्राभ, पद्मपत्रनिभ आणि शाणाकृति. ध्यानस्थाचा चापाकार, स्त्रिया आणि कामी यांचा मत्स्योदर, शांताचा उत्पलपत्रासारखा, भ्यालेल्याचा व रडणाऱ्याचा पद्मपत्रासारखा, क्रुद्धाचा वा वेदनेनें पीडिलेल्याचा शाणाकृति. येथें डोळा व्यक्तीप्रमाणें न बदलतां भावाप्रमाणें बदलतो. इंग्लंडांत चार्ल्स बेल या शस्त्रवैद्यानें १८०६ सालीं चित्रकारांसाठीं भावदर्शनाच्या शारीराचा ग्रंथ लिहिला, त्याचाही विषय हाच कीं भय, क्रोध, दुःख यांनीं चेहरा कसा बदलतो. बेल प्रत्येक बदलास स्नायु दाखवितो. चित्रसूत्रकार प्रत्येक बदलास आकार देतो. सुश्रुताच्या चौतीस पेशी या दोहोंच्या मध्यें पडून राहिल्या. पुढें भोजाच्या समरांगणसूत्रधारांत रसदृष्टींचा अध्याय आला, आणि कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या मानसोल्लासांत हुबेहूब सादृश्याच्या चित्रास विद्धचित्र असें नांव येऊन त्याची कसोटी आरशांतील प्रतिबिंब ही ठरली. कसोटी आरसाच. त्वचेच्या पलीकडे कोणी गेलें नाहीं.

या पद्धतीचें सामर्थ्य सांगितलें, तर उणीवही सांगितली पाहिजे. तळहात वर असतां पुढच्या हाताचीं दोन हाडें समांतर असतात. तळहात उलटा केला म्हणजे एक हाड दुसऱ्यावर आडवें येतें आणि सबंध हाताची घडण बदलते. हात डोक्यावर उचलला म्हणजे पाठीवरचें खवाट्याचें हाड फिरतें. ज्याला हें आंतून ठाऊक, तो पूर्वीं न पाहिलेली ठेवणही बरोबर काढूं शकतो. ज्याला ठाऊक नाहीं, तो पाहिलेल्या ठेवणी उत्तम काढतो आणि न पाहिलेल्या ठिकाणीं अडखळतो. युरोपीय चित्रकारांस ही गोष्ट पंधराव्या शतकांत उमगली. इटलींत आल्बेर्तीनें १४३५ सालीं चित्रकारास असा उपदेश केला कीं, आधीं हाडें मांडावीं, त्यांवर स्नायु बसवावे, मग मांस व त्वचा घालावी. लिओनार्दो दा व्हिंची यानें स्वतः शवें फाडलीं. आपण तीसहून अधिक शवें फाडलीं असें त्यानें १५१७ सालीं सांगितल्याची नोंद आहे. परंतु त्याचे कागद त्याच्या हयातींत छापले गेले नाहींत आणि त्यापुढेंही शतकानुशतकें संग्रहांत बंद राहिले. आज ते विंडसर येथें आहेत. पोथीसंग्राहकांनीं यापासून काय घ्यावयाचें तें घ्यावें. प्रत्यक्ष परिणाम झाला तो व्हेसालियसच्या ग्रंथाचा. तो १५४३ सालीं बाझल येथें छापून निघाला, तेव्हां ग्रंथकर्ता अवघा २८ वर्षांचा होता. त्यांतील स्नायुपुरुष सोललेल्या अंगानें मोकळ्या रानांत उभे आहेत. तेथें वैद्य आणि चित्रकार एकाच पानावर आले.

आपल्याकडे तें पान नाहीं. सुश्रुताच्या पोथ्यांस चित्रें जोडण्याची परंपरा दिसत नाहीं. फारसी वैद्यकांत चौदाव्या शतकाच्या अखेरचा मन्सूर बिन इल्यास याचा 'तश्रीह' नांवाचा सचित्र ग्रंथ आहे. त्यांतील आकृति मांड्या फांकून बसलेल्या आहेत आणि त्यांचीं हाडें, शिरा वगैरे निरनिराळ्या पानांवर दाखविलीं आहेत. लंडनच्या वेलकम संग्रहांत अठराव्या शतकाच्या सुमाराचें एक नेपाळी चित्र आहे. त्यांत मनुष्याच्या देहांत इंद्रियें रंगवून भोंवतीं भावप्रकाशांतील वचनें लिहिलीं आहेत. चित्र सुंदर आहे, पण तें वचनांचें चित्र आहे. कोणीं देह उघडून काढलेलें नव्हे.

वेरूळच्या एकविसाव्या लेण्यांत, ज्यास रामेश्वर म्हणतात, सप्तमातृकांजवळ कालकालींचा अस्थिपंजर समूह कोरलेला आहे. बरगड्या, सुकलेलें पोट, गुडघ्यांच्या वाट्या सर्व दिसतात. यावरून शिल्प्यास सांगाडा ठाऊक होता असें कोणी म्हणेल. मीही एकदां म्हटलें होतें. पण नीट पाहिल्यास दिसतें कीं, बरगड्या या समांतर रेषा आहेत. तें पाहणें उपासमारीनें सुकलेल्या जिवंत माणसाचें आहे. दुष्काळ पाहिलेल्या शिल्प्यास त्याकरितां दूर जावें लागलें नसेल.

याच वेरूळच्या लेण्यांचीं चित्रें पुढें एका पुणेकरानें काढलीं, आणि त्याच्या हातून आपल्या प्रांतांतील जुना व नवा अभ्यास प्रथम जवळ आला. इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट याच्या पदरीं असलेला गंगाराम चिंतामण तांबट, १७९१ सालीं मुंबईस उतरलेला स्कॉच चितारी जेम्स वेल्स, आणि सवाई माधवरावांच्या कारकीर्दींत शनवारवाड्यांत निघालेली चित्रशाळा, ही हकीकत वाचकांस नवी नाहीं. वेल्स १७९५ सालीं वारला. त्याचीं वेरूळचीं रेखाटनें डॅनियल यानें १८०३ सालीं विलायतेंत प्रसिद्ध केलीं. गंगारामाचीं चित्रें आज बहुतांशीं अमेरिकेंत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलेच्या संग्रहांत आहेत. पेशव्यांच्या शिकारखान्यांतील गेंड्याचें चित्र सर्वांच्या परिचयाचें आहे. मला अधिक बोलकीं वाटतात तीं त्यानें काढलेलीं पुण्याच्या तालमींतील मल्लांच्या व्यायामाचीं चित्रें. शास्त्रानें नर्तकाकडे पाठविलें. पुण्याचा तांबट मल्लाकडे गेला. उघड्या, तेल लावलेल्या, ताणलेल्या अंगावर पेशी त्वचेखालून दिसतात. तालीम ही शवगृहाची बरीचशी उणीव भरून काढते. गंगारामास शारीर कोणीं शिकविलें होतें असें दाखविणारा पुरावा नाहीं, आणि आधाराशिवाय तसें म्हणण्याची चूक मी दुसऱ्यांदां करणार नाहीं.

संस्कृत शारीर आणि शस्त्र यांची पुनर्भेट मात्र एका संस्कृतज्ञाच्याच हातून झाली. कलकत्त्यास मधुसूदन गुप्त या वैद्यपंडितानें सुश्रुतसंहितेची छापील आवृत्ति १८३५-३६ सालीं सिद्ध केली, आणि त्याच १८३६ सालीं तेथील वैद्यकशाळेंत त्यानें शवच्छेद केला. इंग्रजी शारीरावरील हूपरचा ग्रंथही त्यानें संस्कृतांत उतरविला. ज्यानें कुंचीचें वचन शोधून छापलें, त्यानेंच सुरी धरली. मुंबईस ग्रँट वैद्यकशाळा १८४५ सालीं निघाली. सर जमशेटजींच्या देणगींतून चित्रशाळा १८५७ सालीं. त्या चित्रशाळेंत मुलांस ग्रीक पुतळ्यांच्या साच्यांवरून आकृति शिकवीत. १८९० सालीं विद्यार्थी म्हणून शिरून १९३१ सालीं अध्यापक म्हणून बाहेर पडलेल्या धुरंधरांनीं आपल्या 'कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षें' या पुस्तकांत त्या काळाचें चित्र ठेवलें आहे. १९१९ सालीं ग्लॅडस्टन सॉलोमन तेथें प्रमुख झाल्यावर जिवंत माणूस समोर ठेवून काढण्याच्या अभ्यासास जोर आला.

परंतु या सर्वांत महत्त्वाचा प्रसंग १८७२ सालचा. त्या वर्षीं चित्रशाळेचे ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन अजिंठ्यास गेले आणि १८८५ पर्यंत तेथील चित्रांच्या नकला करवीत राहिले. पेस्तनजी बोमनजी त्या विद्यार्थ्यांपैकींच. पुतळ्यांवरून घटवून तयार झालेले हात नर्तकावरून घटवून तयार झालेल्या रेषेवर फिरूं लागले. त्यांतील बऱ्याच नकला १८८५ सालीं लंडनमध्यें आगींत जळाल्या. राहिलेल्यांच्या आधारें १८९६-९७ सालीं ग्रंथ निघाला. सोळाव्या लेण्यांतील एका स्त्रीच्या चित्राविषयीं ग्रिफिथ्स यांनीं असा अभिप्राय दिला कीं, फ्लॉरेन्सच्या चित्रकारानें यापेक्षां सरस रेखन केलें असतें, व्हेनिसच्या चित्रकारानें सरस रंग भरले असते, पण यापेक्षां अधिक भाव दोघांपैकीं कोणासही ओततां आला नसता. माझ्या वृद्ध मित्राच्या प्रश्नाचें उत्तर शोधतांना हा अभिप्राय मीं अनेकवार वाचला. फ्लॉरेन्सचें सरस रेखन म्हणजे शारीराभ्यासाचेंच रेखन. तें या चित्रांत नाहीं असें, चित्रावर प्रेम करणाऱ्या आणि शारीर जाणणाऱ्या मनुष्यानें, चित्रासमोर उभें राहून लिहिलें आहे. तो पुरावा मीं व्याख्यानापूर्वीं वाचला असता तर टाळ्या थोड्या कमी पडल्या असत्या.

त्या चित्रास ग्रिफिथ्स यांच्या काळापासून 'मरणोन्मुख राजकन्या' असें म्हणतात. पुढील अभ्यासकांनीं कथा ओळखून ती नंदाची पत्नी सुंदरी असें ठरविलें. पतीनें प्रव्रज्या घेतल्याचें कळून ती खचली आहे, मरत नाहीं. चित्रसूत्राच्या शेवटच्या अध्यायांत चित्रज्ञाची एक परीक्षा सांगितली आहे: निजलेला काढला तर त्यांत चेतना दिसली पाहिजे, मेलेला काढला तर ती दिसतां कामा नये. शव काढावयाचें तें एवढ्यासाठीं, कीं त्यांत काय नाहीं तें दाखवितां यावें. सुंदरीची मान ढळली आहे, डोळे अर्धे मिटले आहेत, बोटें सैल पडलीं आहेत. ग्रिफिथ्स यांच्यासारख्या शिकलेल्या डोळ्यास तेथें मृत्यु जवळ आलेला दिसला आणि कथा जाणणारास शोक दिसतो. मीं अलीकडे तें चित्र पुन्हा पाहिलें. रंग बराच गेला आहे, पहारेकऱ्याच्या दिव्यांत जेवढें दिसलें तेवढें पाहिलें. माझ्या मतें चेतना आहे. मानेच्या वळणांत ती दिसते. पण ग्रिफिथ्स यांस मी सर्वस्वीं चुकीचें ठरवूं शकत नाहीं.

आतां संग्राहकांस एक विनंति. शिल्पी, चितारी आणि वैद्य यांच्या घराण्यांतील दप्तरांत मनुष्याकृतीचे सुटे कागद पुष्कळदां निघतात, आणि विषय कळत नाहीं म्हणून ते बाजूस ठेवले जातात. असा कागद हातीं आल्यास आकृतीजवळ काय लिहिलें आहे तें कृपा करून पाहावें. अंगुलांचे आंकडे असल्यास तो मूर्तिकाराचा. मर्मांचीं नांवें असल्यास वैद्याचा. एकाच आकृतीवर अंगुलें आणि पेशी दोन्ही लिहिलेलीं आढळल्यास त्या कागदाची नक्कल या त्रैमासिकाकडे अवश्य पाठवावी. तसा एक जरी कागद निघाला, तरी वरील टिपणांतील मुख्य विधान मी मागें घेईन, आणि या वेळीं वचनासकट घेईन.